हँगओव्हरचं रसायन: मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात शहापूर भागात माझं औषधाचं दुकान आहे. रविवारी, आणि आसपासच्या गावात यात्रा झाली की तिच्या दुसऱ्या दिवशी, शटर वर करायच्या आधीच दोन-तीन जण कपाळ दाबत उभे असतात. बाटलीवरचा मजकूर इंग्रजीत नाहीतर कन्नडात, गोळीच्या पाकिटातला कागद तर वाचण्यापलीकडचा. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला हे आपल्या भाषेत सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून काउंटरवर आणि व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न एकत्र केले. प्यावं की पिऊ नये यावरचं हे भाषण नाही. शरीरात काय घडतं तेवढं कळावं, आणि साधा हँगओव्हर कुठं संपतो नि दवाखान्याचं काम कुठं सुरू होतं ते ओळखता यावं, हीच तळमळ.

हँगओव्हर दारू उतरल्यावर सुरू होतो. मग तो दारूचा त्रास कसा?

चढलेली असते तेव्हा रक्तात अल्कोहोल असतं. हँगओव्हर सगळ्यात जोरात असतो तो रक्तातलं अल्कोहोल शून्याजवळ आल्यावर. यात्रा उठल्यावर मैदानात काय उरतं ते आठवा: पाळणे गेले, पण चिखल, पत्रावळ्या आणि उकरलेले खड्डे तसेच. अल्कोहोल हाताळताना शरीरात जी उलथापालथ झाली ती निस्तरायला वेळ लागतो, साधारण एक दिवस. यात पाणी कमी होणं, पोटाच्या अस्तराची जळजळ, अर्धवट झोप, सूज आणणारी रसायनं आणि मेंदूतला बिघडलेला तोल अशी वेगवेगळी कारणं एकाच वेळी काम करतात. त्यामुळे एका गोळीनं सगळं थांबत नाही.

पोटात गेलेल्या दारूचं शरीर नेमकं काय करतं?

दारूतलं अल्कोहोल म्हणजे इथेनॉल. थोडं जठरातून आणि बरंचसं लहान आतड्यातून ते रक्तात उतरतं. नव्वद टक्क्यांहून जास्त काम यकृत करतं. तिथं अल्कोहोल डिहायड्रोजनेज नावाचं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) इथेनॉलचं ॲसिटाल्डिहाइड करतं. हा पदार्थ विषारी. दुसरं एन्झाइम, अल्डिहाइड डिहायड्रोजनेज, त्याचं लगेच ॲसिटेट करतं. ॲसिटेट म्हणजे आपल्या व्हिनेगरच्या घरातलंच, निरुपद्रवी. शेवटी त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं.

या दोन्ही पायऱ्यांना एनएडी नावाचा मदतनीस रेणू लागतो, हे सहसा कुणी सांगत नाही. तो हायड्रोजन उचलतो आणि एनएडीएच होतो. रात्रभर इथेनॉल येत राहिलं की यकृतात एनएडी कमी आणि एनएडीएच जास्त, असा तोल कलतो. त्यामुळे लॅक्टेट वाढतं, आणि यकृताचं नवीन साखर तयार करण्याचं काम अडतं. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ इथं आहे. वाढलेलं लॅक्टेट मूत्रपिंडातून युरिक ॲसिड बाहेर पडू देत नाही; गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचा संधिवात, असलेल्यांचा पायाचा अंगठा यात्रेच्या मटण-बियरनंतर का पेटतो, त्याचं एक उत्तर हेच.

एक क्वार्टर उतरायला किती तास लागतात?

हिशेब सोपा आहे, एकदा करून ठेवा. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, ब्रँडीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. १८० मिलीचे ४२.८ टक्के म्हणजे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल. ते पाण्यापेक्षा हलकं असल्यानं ०.७८९ नं गुणा: साधारण ६१ ग्रॅम. यकृत तासाला सरासरी सात-आठ ग्रॅम उरकतं. म्हणजे एका क्वार्टरला आठ तास, ९० मिलीच्या टेट्रा पॅकला चार. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची ६५० मिलीची बाटली ४१ ग्रॅमची, तिला साडेपाच तास. बियर म्हणजे हलकं, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा: ती ६० मिलीच्या दोन पेगांइतकी आहे.

हा वेग माणसागणिक थोडा बदलतो, पण त्याच रात्री वाढवता येत नाही. थंड पाण्याची अंघोळ, घाम काढणं, पळणं, बोटं घालून उलटी करणं, कशानंही यकृताचं घड्याळ पुढं सरकत नाही. श्वास, घाम आणि लघवीतून जातो तो वाटा अगदी थोडा.

रात्री प्यायली, सकाळी गाडीवरनं कामावर गेलं तर चालतं की?

वरच्या हिशेबानं पाहू. ६५ किलोच्या माणसानं आठला सुरुवात करून एक क्वार्टर आणि एक स्ट्राँग बियर घेतली: १०२ ग्रॅम. सकाळी सातपर्यंत अकरा तासांत ८२-८३ ग्रॅम संपले. उरले १९. त्याच्या शरीरात ते पसरले की १०० मिली रक्तात ४० मिलीग्रॅमच्या वर येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा ३० आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, चहा पिऊन निघालेला हा माणूस कायद्यानं अजून प्यायलेलाच आहे. रक्त शून्यावर आलं तरी हँगओव्हरमध्ये लक्ष आणि हात-डोळ्यांचा मेळ मंद असतो. चोर्ला घाटातून गोव्याहून परतणाऱ्या पोरांना मी हे हात जोडून सांगतो: रात्री प्यायला असाल तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या.

डोकं दुखतं ते ॲसिटाल्डिहाइडमुळेच ना? आम्ही तर तसंच वाचलंय.

त्याचा हात आहे, पण सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. ॲसिटाल्डिहाइड चेहरा लाल करतं, छाती धडधडवतं, मळमळ आणतं. मात्र बहुतेकांच्या शरीरात ते तयार होताच पुढं ढकललं जातं आणि हँगओव्हर शिखरावर असतो त्या वेळी रक्तात जेमतेम उरलेलं असतं. रात्री त्यानं पेशींना जो त्रास दिला त्याचे पडसाद सकाळी उमटतात, असं समजा. चीन, जपान, कोरियाकडच्या अनेकांमध्ये दुसरं एन्झाइम जन्मतःच दुबळं असतं आणि दोन घोटांत त्यांचे चेहरे लाल होतात. आपल्याकडे हा प्रकार विरळा.

नवऱ्याच्या चहात न कळत घालायची दारू सोडवायची गोळी असते म्हणे. देता का?

नाही, वहिनी. हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो, आणि विचारणारीच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. पण ऐका. त्या गोळीत डायसल्फिराम असतं. ते अल्डिहाइड डिहायड्रोजनेजला अडवून धरतं. मग वर सांगितलेलं ॲसिटाल्डिहाइड पुढं सरकत नाही, रक्तात साठतं. प्यायल्यावर अंगाचा भडका, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब एकदम खाली. हृदय कमजोर असलेला माणूस यात दगावू शकतो. गोळी थांबवली तरी परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहतो. ज्याला गोळी दिलीय हेच माहीत नाही, तो पिणारच, आणि दवाखान्यात नेल्यावर त्याला डॉक्टरला गोळीचं सांगताही येणार नाही. ही गोळी माणसाच्या संमतीनं, तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असते. तोपर्यंत १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर तुम्ही स्वतः बोला. घरच्यांसाठीही तो आहे.

घसा कोरडा पडतो आणि रात्री चार वेळा उठावं लागतं, ते का?

मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक येतं, ते मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायला सांगतं. अल्कोहोल तो निरोपच अडवतं. सुमारे ५० ग्रॅम अल्कोहोल पाव लिटर पाण्यातून घेतलं तर पुढच्या काही तासांत ६०० ते १००० मिली लघवी होते. आत गेलं त्याच्या दुपटीहून जास्त बाहेर. उलटी-जुलाब झाले तर त्यात भर. तहान, कोरडं तोंड आणि उभं राहताना येणारी भोवळ बरीचशी यातून. पण पाणी पिऊन ही तहान भागली तरी बाकीचा हँगओव्हर राहतो, हे तुम्हीही अनुभवलं असेल. कारण पुढच्या उत्तरात.

सकाळपासनं डोस्कं ठणकूलालंय, उजेड सहन होईना, भांडं वाजलं तरी नको वाटतं. एवढं काय होतंय?

दोन गोष्टी एकदम. पहिली सूज. दारूनंतर रक्तात सायटोकाइन्स नावाची सूज आणणारी रसायनं वाढतात. ताप येण्याआधी अंग मोडून येतं, भूक जाते, कशात मन लागत नाही, तेव्हा हीच रसायनं काम करत असतात. म्हणून हँगओव्हर थोडासा तापासारखा वाटतो.

दुसरी मेंदूतली. अल्कोहोल मेंदूचा ब्रेक दाबतं (गाबा नावाचं रसायन) आणि ॲक्सिलरेटर सोडतं (ग्लुटामेट). मेंदूला तोल हवा असतो, म्हणून तो रात्रभर उलट्या बाजूनं जोर लावतो. पहाटे अल्कोहोल संपतं, ब्रेकवरचा पाय निघतो, आणि मेंदूनं लावलेला जोर मात्र चालूच असतो. गाडी उधळते. उजेड बोचतो, आवाज कापतो, उगाच भीती आणि अपराधी वाटतं, हाताला किंचित कंप येतो. ही धाकधूक मनाची कमजोरी नाही, रसायन आहे, आणि दिवस मावळेपर्यंत बहुधा उतरते. उतरली नाही, वाढत गेली, तर ‘हात थरथरतात’ हा खालचा प्रश्न वाचा.

आठ तास झोपलो, तरी अंगात जीव नाही.

दारूनं झोप लवकर लागते, पण रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप दाबली जाते आणि उत्तररात्री, अल्कोहोल उतरत असताना, झोप तुटत राहते. वरचं ग्लुटामेटचं उत्तर इथंही लागू. त्यात घोरणं वाढतं. तास भरले, झोप भरली नाही.

फेणी, रम, व्होडका: कशानं कमी त्रास होतो?

सगळ्यात मोठा फरक एकूण ग्रॅमनं पडतो, नावानं नाही. त्यानंतर येतात काँजेनर, म्हणजे आंबवताना आणि लाकडी पिंपात मुरवताना तयार होणारे इतर पदार्थ: थोडं मिथेनॉल, आयसोअमाईल अल्कोहोलसारखी जड अल्कोहोलं, एस्टर, टॅनिन. रंग, वास आणि चव यांतूनच येते. ब्रँडी, रेड वाइन, रममध्ये ते जास्त. जिन आणि व्होडकात कमी. अमेरिकेत २०१० साली बूर्बन आणि व्होडका यांची तुलना झाली. बूर्बनमध्ये काँजेनर ३७ पट. बूर्बनवाल्यांना सकाळी जास्त वाईट वाटलं, पण लक्ष देऊन करायच्या कामात दोन्ही गट सारखेच मागे पडले.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. इथल्या साखर कारखान्यांच्या मळीपासून स्पिरिट होतं. ते पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून ९६ टक्क्यांचं एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल करतात, म्हणजे जवळजवळ सगळे काँजेनर काढलेलं. भारतातल्या बऱ्याच स्वस्त व्हिस्की अशा स्पिरिटमध्ये थोडं माल्ट, चव आणि कॅरॅमलचा रंग मिसळून होतात. त्यामुळे ‘महागडी, जुनी मुरलेली प्यायली की डोकं दुखत नाही’ हा समज रसायनाच्या बाजूनं उलटाच आहे. पिंपात मुरलेल्यात काँजेनर जास्त. महागडी लोक हळू आणि कमी पितात, फरक बहुधा त्याचा.

काजूची फेणी, जिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती फळाच्या रसाची आणि भट्टीवर काढलेली, म्हणून तिच्यात काँजेनर भरपूर. तो उग्र वास त्यांचाच. फेणीच्या आधी निघणारा हुर्राक सौम्य असतो, पण लिमकात घालून सरबतासारखा प्यायला जातो आणि ग्रॅम कधी चढले ते कळत नाही.

आधी बियर मग रम घेतली की वाट लागते, खरं का?

क्रमाचा दोष नाही. जर्मनीत २०१९ मध्ये ९० जणांवर बियर आणि वाइनचा क्रम उलटसुलट करून पाहिला, हँगओव्हरमध्ये फरक पडला नाही. बियरनं पोट आणि विवेक दोन्ही सैल झाल्यावर रमचा पेग मोजून भरला जात नाही, एवढंच.

सकाळी उतारा म्हणून पुन्हा थोडी घेतली की बरं वाटतं. म्हणजे तो औषधच झाला ना?

बरं वाटतं हे खरं आहे, नाकारत नाही. कारणं दोन. एक, उधळलेल्या मेंदूवर पुन्हा तोच ब्रेक लागतो. दुसरं अधिक मजेशीर: दारूत चिमूटभर मिथेनॉल असतंच, आणि यकृताचं तेच एन्झाइम आधी इथेनॉल हाताळतं. इथेनॉल संपलं की मिथेनॉलची पाळी येते आणि त्याचं फॉर्माल्डिहाइड, मग फॉर्मिक ॲसिड होतं. सकाळी पुन्हा इथेनॉल दिलं की मिथेनॉल परत रांगेत मागे जातं. यातली कुठलीच गोष्ट त्रास मिटवत नाही, संध्याकाळवर ढकलते. आणि उताऱ्याशिवाय सकाळ निघेना झाली, की तो हँगओव्हर राहिलेला नाही.

मग कुठली गोळी देता?

आधी मी विचारतो: रोज घेता का, काल काही खाल्लं होतं का, पोट दुखतंय का, पडला-बिडला होतात का.

पॅरासिटामॉलचा काही भाग यकृतात एनएपीक्यूआय नावाच्या विषारी पदार्थात बदलतो. यकृतातलंच ग्लुटाथायोन नावाचं रसायन त्याला निकामी करतं. रोज पिणाऱ्याच्या यकृतात हे विष तयार करणारं एन्झाइम (सीवायपी२ई१) वाढलेलं असतं आणि ग्लुटाथायोन कमी झालेलं. दारू रक्तात असेपर्यंत ते एन्झाइम तिच्यात गुंतलेलं असतं. दारू उतरली की मोकळं होतं, आणि नेमकी त्याच वेळी माणूस गोळी मागायला येतो. कधीमधी पिणाऱ्या निरोगी माणसाला ५०० मिलीग्रॅमची एक गोळी चालते. रोज पिणाऱ्यानं, उपाशी असलेल्यानं, कावीळ होऊन गेलेल्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायला विसरू नका.

ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक सूज कमी करतात, पण दारूनं आधीच सोललेल्या जठराला आणखी जाळतात. रक्ताची उलटी झालेली माणसं मी पाहिली आहेत. उलटीत लाल रक्त, कॉफीच्या चोथ्यासारखं काही, किंवा डांबरासारखी काळी शी दिसली तर गोळी नको, सरळ दवाखाना. पडून डोक्याला मार लागला असेल आणि डोकं दुखत असेल, तर ते हँगओव्हरचं आहे असं धरूनच चालायचं नाही.

ताक, आंबील, लिंबू-पाणी, सोलकढी, कडक कॉफी... यातलं काय खरं?

पाणी आणि मीठ परत देणारं सगळं उपयोगी. ज्वारीची किंवा नाचणीची पातळ आंबील मला सगळ्यात पटते: पाणी, मीठ, हळूहळू मिळणारा स्टार्च आणि पोटाला मऊ. ताक मीठ घालून, लिंबू-पाणी मीठ-साखर घालून. ज्याच्या छातीत जळजळ आहे त्यानं लिंबू आणि कोकम दोन्ही टाळावं. उलट्या झाल्या असतील तर ओआरएस चांगलं, एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, आणि एकदम न पिता घोट-घोट. कॉफीनं तरतरी येते, जळजळही वाढते; रोज कॉफी पिणाऱ्यानं अर्धा कप घ्यावी, नाहीतर कॉफी चुकल्याची डोकेदुखी वर चढते. आपला खव्याचा कुंदा खाल्ल्यानं दारू उतरत नाही. ‘लिव्हर साफ करणाऱ्या’ आणि हँगओव्हर घालवणाऱ्या पाकिटांपैकी कुठल्याचाही भक्कम पुरावा नाही. मी ती ठेवत नाही.

पोटभर मटण-भाकरी खाऊन बसलं तर?

फायदा आहे, पण खाणं आधी हवं. पोट भरलेलं असेल तर जठर हळू रिकामं होतं, अल्कोहोल आतड्यात सावकाश पोचतं आणि रक्तातलं शिखर खाली राहतं. एकूण ग्रॅम तेवढेच. प्यायल्यानंतर जेवण म्हणजे पाऊस पडून गेल्यावर छत्री. चकण्याचे खारे शेंगदाणे तहान वाढवतात, आणि तहान माणूस ग्लासातल्यानंच भागवतो.

मला शुगर आहे. काही वेगळी काळजी?

हो, आणि हे उत्तर नीट वाचा. वर सांगितलं की एनएडीचा तोल गेल्यावर यकृत नवीन साखर करत नाही. साधा माणूस साठवलेल्या साखरेवर निभावतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस रात्री न जेवता प्यायला, तर साखर पहाटे किंवा सकाळी धोकादायक खाली जाते.

एकदा यात्रेनंतरच्या सकाळी ओळखीचे एक मामा दुकानाच्या बाकावर येऊन बसले. अंग घामानं चिंब, हात गार, बोलणं अडखळत. बरोबरचा मुलगा म्हणाला, “रात्रीची उतरली नाही अजून, काहीतरी द्या की ओ.” ग्लुकोमीटर लावला. साखर ४८, धोकादायक खाली. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांत मामा माणसांत आले, आणि तरी दवाखान्यात पाठवलं, कारण गोळीचा अंमल बराच वेळ राहतो आणि साखर पुन्हा पडते. शुगरवाल्याचा हँगओव्हर आधी ग्लुकोमीटरनं तपासायचा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी जास्त पिणं टाळावंच, कारण दारू आणि ती गोळी मिळून लॅक्टेट धोकादायक वाढू शकतं.

माझा मित्र माझ्याएवढीच पितो, त्याला काही होत नाही. आणि बायकांना जास्त त्रास होतो का?

वजन, शरीरातलं पाणी, एन्झाइमचा अनुवंश, वय, झोप, जेवण, सगळ्यानं फरक पडतो. बाईच्या शरीरात त्याच वजनाच्या पुरुषापेक्षा पाण्याचं प्रमाण कमी असतं, म्हणून तेवढ्याच ग्रॅमला रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. मित्राला त्रास होत नाही यावरून त्याचं यकृत पोलादी आहे असं समजू नका. ॲसिटाल्डिहाइड डीएनएला इजा करतं, आणि दारूतून येणारं ॲसिटाल्डिहाइड जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांत, धरलं आहे. डोकं दुखो वा न दुखो.

मेट्रोनिडाझोल चालू आहे. एक पेग घेतला तर?

जुलाबाच्या आणि दाताच्या दुखण्यात ही गोळी, किंवा तिची बहीण टिनिडाझोल, सर्रास दिली जाते. काहींना तिच्यावर दारू घेतल्यावर डायसल्फिरामसारखाच त्रास झाला आहे (वरचं वहिनींचं उत्तर). कोर्स चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस थांबा.

हातभट्टीची प्यायला होता. डोळ्यांपुढं पांढरं-पांढरं दिसतंय म्हणतोय. झोपला की जाईल ना?

जाणार नाही. आत्ता १०८ ला फोन करा, बाकीचं नंतर वाचा.

मिथेनॉल दिसायला, वासाला इथेनॉलसारखंच. त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते पेशींचा श्वास रोखतं. डोळ्याची नस त्याला पहिली बळी पडते. साधारण दहा मिली शुद्ध मिथेनॉल दृष्टी घालवू शकतं, तीस मिली जीव. फसवं आहे ते वेळापत्रक. पहिले बारा ते चोवीस तास माणूस साधा प्यायलेला वाटतो, आणि बरोबर चांगली दारूही घेतली असेल तर आणखी उशीर, कारण उताऱ्याच्या उत्तरात सांगितलेली एन्झाइमची रांग. मग डोकेदुखी, पोटदुखी, उलटी, धुक्यातून बघितल्यासारखं दिसणं, धाप. घरचे म्हणतात हँगओव्हर, आणि तेवढ्यात तास निघून जातात.

दवाखान्यात फोमेपिझोल किंवा मोजून इथेनॉल, आणि डायलिसिस, असा उपचार होतो. ‘इथेनॉल उतारा आहे’ हे ऐकून घरी दारू पाजत बसू नका. मोजमाप आणि डायलिसिसशिवाय ते वेळ घालवणं आहे. एकाच ठिकाणची प्यायलेल्या बाकीच्यांनाही शोधून न्या, त्यांना काही होत नसलं तरी. कर्नाटकात साराय, म्हणजे स्वस्त देशी दारू, १ जुलै २००७ पासून बंद आहे, पण चोरून गाळणं पूर्ण थांबलेलं नाही. १९८१ मध्ये बेंगळुरू परिसरात विषारी दारूनं तीनशेहून जास्त माणसं गेली, २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर.

दारू सोडली की दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो. हा मोठा हँगओव्हर का?

हा हँगओव्हर नाही, दारू तुटल्याचा त्रास आहे. रसायन वरचंच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरचं, पण महिनोन्‌महिने जोर लावत आलेल्या मेंदूचं. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, दोन दिवसांच्या आत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत भास, भ्रम, ताप. यात माणूस दगावतो. म्हणून रोज पिणाऱ्यानं देवासमोर नारळ फोडून एकदम सोडायचं ठरवलं असेल, तर आधी डॉक्टरला भेटा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथं औषधं देऊन आणि थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची, इंजेक्शनं देऊन सुखरूप सोडवतात. सोडायची इच्छा झाली आहे हीच मोठी गोष्ट, ती झटक्यात वाया जायला नको.

पोरगा पिऊन पडलाय, उठवलं तर उठेना. झोपू दे म्हणतात सगळे. झोपू द्यावं का?

हाक मारून, खांदा हलवून, छातीचं हाड बोटांनी जोरात चोळून बघा. डोळे उघडले, शिवी दिली तरी ठीक. काहीच प्रतिसाद नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड असेल, ओठ निळसर किंवा अंग गार असेल, तर १०८. शेवटचे पेग अजून पोटातच असतात, म्हणून झोपल्यावरही रक्तातलं प्रमाण वाढत राहू शकतं. त्याला उताणा ठेवू नका. डाव्या कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून पुढं टेकवा, हात गालाखाली, तोंड किंचित खाली, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. अंगावर चादर घाला. मिठाचं पाणी, ताक, लिंबू, काही पाजू नका. आणि एकानं कुणीतरी उशाशी जागं बसा, उजाडेपर्यंत.